शांत तळं आणि निसर्गाचे जावई

निसर्ग वाचवायचा असेल तर सर्वप्रथम त्याचं अ‍ॅप काढावं लागतं, याबद्दल आता जाणकारांमध्ये दुमत उरलेलं नाही. नद्या-डोंगर इतकी वर्षं अ‍ॅपशिवाय कसे टिकले, हे मात्र कोणी सांगत नाही. (बहुधा नशीब.)

आंतरशालेय स्पर्धेसाठी आमच्या गटाने जबाबदार पर्यटनाचं अ‍ॅप बनवलं. गट म्हणजे कल्पना सुचवणारी मी, त्या प्रत्यक्षात आणणारी माझी मैत्रीण किडी (संगणकात सतत वळवळते म्हणून) आणि मार्गदर्शनाला भूगोलाच्या बाई. बाईंनी एकच मार्गदर्शन केलं, "रंग हिरवा ठेवा." ठेवला.

योजना निर्दोष होती. अ‍ॅप गर्दी नसलेली जागा दाखवणार. तिथे कचरा उचलतानाचा फोटो टाकला की एक हिरवं पान जमा. पानं वाढली की 'निसर्गमित्र', मग 'निसर्गबंधू', आणि सर्वांत वर 'निसर्गाचा जावई'. (ही पदवी बाईंनी खोडली. किडीने परत घातली.)

चाचणीला एक शांत जागा हवी होती. मामा तळ्याकाठी होड्या दुरुस्त करतो. तो म्हणाला, "माझं तळं घ्या की! मी आणि टिटवी सोडून तिकडे फिरकतंय कोण?"

टिटवी काठावरच्या खड्यांतच अंडी घालते, तीही खड्यांसारखीच दिसणारी. म्हणजे तिचाही नियोजनाचा अनुभव आमच्याइतकाच.

रविवारी शांतता अनुभवायला इतकी माणसं आली की गाड्या लावायला जागा पुरेना. अडचण एकच निघाली: तळ्यावर कचरा नव्हता. पण शिकलेला माणूस अडून राहत नाही. एका कुटुंबाने घरातली कचऱ्याची बादली आणली, काठावर उपडी केली, उचलली, फोटो काढला.

"काकू, तुमचं झालं की आम्हाला द्या हं."

"देते, पण केळ्याच्या साली परत करा. धाकट्याचा फोटो राहिलाय अजून."

तिकडे मामा अंड्यांपुढे हात पसरून उभा, डोक्यावर टिटवी किंचाळतेय.

"दादा, जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय," एक निसर्गबंधू म्हणाले.

मामाने मला फोन केला. "पोरी, तुझी शांतता आवर आधी! कोणाचा तरी पाय पडेल गं अंड्यांवर!"

मी तातडीने अ‍ॅपवर सूचना टाकली: इथे सावली नाही, शौचालय नाही, चहाची टपरी नाही. ती वाचून गर्दी दुप्पट झाली. (अशा जागेला 'अस्सल' म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.)

शेवटी किडीने एक बोट फिरवलं आणि अ‍ॅपच्या नकाशावरची तळ्याची खूण उचलून गावाबाहेरच्या कचरा डेपोवर ठेवली.

बघता बघता तळं रिकामं झालं. डेपोवर आनंदीआनंद. "अप्रतिम! हात घालाल तिथे कचरा!" "मुलं घरी यायलाच तयार नव्हती." पाच तारे, सर्वत्र पाच तारे. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले की पर्यटकांच्या गरजेचा एवढा सखोल विचार त्यांनी पाहिला नव्हता. सध्या डेपो जरा स्वच्छ होत चालल्याची तक्रार आहे, पण जाणती कुटुंबं घरून भर घालतात.

अंडी फुटली. पिल्लं दुडुदुडु पळतात म्हणे.

"मामा, फोटो पाठव ना!"

"नाही."

"मलासुद्धा नाही?"

"तुला तर मुळीच नाही."

आता तुम्ही. तुम्ही त्या लोकांतले नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला फक्त पिल्लं बघायची आहेत, लांबूनच, एकदाच, एखादा फोटो काढून. म्हणून खास तुम्हाला तळ्याचा रस्ता सांगते: गावाबाहेर पडा, सरळ जा, कुठेही वळू नका. वास यायला लागला की पोहोचलात.