नमुना कोरडा असावा

ज्या वर्षी ठोकेमामांच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी मिठाच्या कारखान्यातून ओल रद्द झाली.

जावई त्याच कारखान्यात नवा लागला होता, आणि तोही सासऱ्याच्या हाताखाली. घरी 'अहो' आणि कामावर 'अरे' हे मामांच्या जिभेला काही जमेना. भर कामात हाक जायची, "अहो जावईबापू, तेवढं फावडं देता का?" आणि बाकीचे आपापली फावडी टाकून हसत बसायचे.

मामांचं काम एकच. कारखान्यात दोन मजली उंच टाकी होती, खाली नरसाळ्यासारखी निमुळती. वरून मीठ ओतायचं, खालच्या तोंडातून ते गोण्यांत पडायचं. अडलं की मामा टाकीला कान लावायचे, बोटाने वाजवायचे, आणि जिथे बद्द आवाज येईल तिथे लाकडी मोगरीचा एक ठोका द्यायचे. दुसरा लागत नसे. चोवीस वर्षं असंच चाललं होतं.

मग वरच्या मजल्यावर साहेबांच्या चहात मिठाची धूळ पडली. हुकूम निघाला: धूळ बसावी म्हणून दर गोणीमागे एक तांब्या पाणी शिंपडावे. धूळ बसली. तिच्याबरोबर मीठही बसलं.

"कोरडा दाणा एकलकोंडा असतो, जावईबापू," मामा म्हणाले. "जरा ओल लागली की शेजाऱ्याला धरतो. शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. टाकीच्या तोंडावर कमानच धरतात मेले. वरून बघावं तर टाकी भरलेली, खाली सगळं पोकळ."

"आणि भरपूर पाणी ओतलं तर?"

"तर वाहून जाईल. घोळ सगळा तांब्याभराचा आहे."

मामांनी पाणी बंद करण्यासाठी अर्ज केला. कार्यालयाने पुरावा मागितला. मामांनी मुठीएवढं ढेकूळ नेऊन दिलं. पण परीक्षण विभागाचा सातवा नियम असा: 'नमुना कोरडा असावा. ओला नमुना पाकिटाला चिकटतो, सबब स्वीकारला जाणार नाही.' कारकुनाने ढेकूळ दोन तास भट्टीत भाजलं आणि पाठवलं. अहवाल आला: 'ओल, शून्य टक्के.'

"अहो, भाजून पाठवल्यावर ओल सापडेल कशी?"

"मामा, ओलं पाठवलं असतं तर अहवालच आला नसता. आता निदान अहवाल तरी आहे."

ओल नाही म्हणजे ढेकूळ नाही. ढेकूळ नाही, तर मोगरी कशाला? साहेबांनी टाकीवरचे चोवीस वर्षांचे पोचे मोजले, 'मालमत्तेस विनाकारण मारहाण' असा शेरा मारला आणि मोगरीला 'पुरावा' अशी चिठ्ठी बांधून ती कपाटात टाकली.

तिसऱ्या दिवशी मीठ थांबलं. साहेब जातीने खाली आले.

"माल कोरडा आहे. कोरडा माल वाहतो. म्हणजे तो वाहतोय."

"साहेब, गोणी रिकामी आहे."

"ते गोणी विभागाला कळवा."

गोणी विभागाने उलट कळवलं, की टाकीत उतरून पाहावे. उतरायचं ते सर्वांत नव्या माणसाने. म्हणजे जावयाने.

मामांनी त्याच्या कमरेला बांधायला दोर मागितला.

"दोर ढेकळं फोडायला उतरणाऱ्यालाच मिळतो," साहेब म्हणाले. "ढेकळं तर नाहीत."

"मग माझी मोगरी तरी द्या."

"ती पुराव्यात आहे."

जावई शिडी चढू लागला. पाचव्या पायरीवर मामांनी त्याचा पाय धरला.

"उतरा खाली."

"मामा, हुकूम आहे."

"हुकूम साहेबांचा असेल. मी सासरा आहे. पोरीला काय तोंड दाखवू? आणि ठोका कुठे द्यायचा ते कळतं का तुम्हाला?"

मामा वर गेले, आत उतरले आणि आतल्या शिडीचा दांडा धरून टाचेने एक ठोका दिला. दुसरा लागला नाही.

मीठ धो-धो सुटलं. "बघा, वाहतंय!" साहेब आनंदाने ओरडले, आणि घड्याळ पाहून त्यांनी वहीत लिहिलं: 'सव्वातीन. माल सुरू.' जावई उघड्या हातांनी टाकी बडवत होता. बद्द आवाज कुठे येतो, ते त्याला कळत नव्हतं.

रीतसर चौकशी झाली. टाकीतला नमुना घेतला, नियमाप्रमाणे भाजला. ओल शून्य टक्के. कोरड्या मालात माणूस अडकत नाही, सबब अशी घटना घडलेली नाही, असा निष्कर्ष निघाला. तेव्हापासून पाकिटांवर ठळक छापतात: 'शून्य टक्के ओल'.

तुमच्याही घरी ते पाकीट असेल. बरणीतलं मीठ अडलं की तुम्ही बुडाला एक थाप मारता. मीठ पडतं. मग तुम्ही पाकीट वाचता, मान डोलावता आणि घरातल्यांवर खेकसता, "बरणीत ओला हात कोणी घातला?"

ठोकेमामा लेकीच्या लग्नाला दहा महिने झाले त्या मंगळवारी, दुपारी सव्वातीन वाजता वारले.