न घडलेल्या यात्रेचा प्रसाद

भालकीत शेजारणीच्या घरात शिरताना दार वाजवायची पद्धत नाही. माणूस आधी सरळ स्वयंपाकघरापर्यंत जातं आणि मग हाक मारतं. मल्लव्वा त्या दिवशी सकाळी विरजणासाठी वाटी घेऊन अशीच विजयेंद्र मास्तरांच्या घरात शिरली. स्वयंपाकघरात कुणी दिसेना म्हणून मागच्या अंगणात डोकावली, तर तिथं मास्तरांची लेक विभा मोबाईलवर तंबोरा लावून गात बसलेली. गाण्याचं नवल नव्हतं, ते गल्ली रोजच ऐकायची. नवल डोक्याचं होतं. विभाच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता.

आता खरं सांगायचं तर विभाच्या डोक्यावर कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासूनच केस नव्हते. आधी रुपयाएवढे चट्टे पडले, मग चट्ट्यांनी एकमेकांशी सोयरीक केली, आणि दिवाळीपर्यंत सगळं रान मोकळं झालं. लातूरच्या डॉक्टरांनी त्याला अलोपेशिया म्हणतात असं सांगितलं, जिवाला काही धोका नाही असं सांगितलं, पण केस परत येतीलच याची खात्री देता येत नाही असंही सांगितलं. विभाच्या आईनं, म्हणजे सुशीलाबाईंनी, त्यातलं एकच वाक्य मनात धरलं: हे कुणाला कळता कामा नये. डॉक्टर बिचारे हे वाक्य बोललेच नव्हते.

मग हैदराबादहून विग आला. चांगला कमरेपर्यंतचा, दाट. त्या विगवर विभानं कलबुर्गीत नाटकं केली, ऑर्केस्ट्रात गायली, एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीत तर वेणी पुढं घेऊन लाजलीसुद्धा. गल्लीतल्या बायका आपापल्या पोरींना तिची वेणी दाखवून म्हणायच्या, बघ, तेल लावलं की असं होतं. विभाला त्याचं हसू यायचं, आणि कधीकधी घरी येऊन रडूही यायचं. एकदा सगळ्यांना सांगून मोकळी होते, असं ती म्हणाली की सुशीलाबाई गळ्याची शपथ घालायच्या. बरं, शपथ स्वतःच्याच गळ्याची, त्यामुळं मोडायची सोय नव्हती.

आणि नेमका तो दिवस मोठा होता. कलबुर्गीचे दिग्दर्शक बसवप्रभु मराठीत आणि कन्नडमध्ये मिळून एक सिनेमा काढत होते. त्यांना अभिनय करणारी आणि स्वतःच्या गळ्यानं गाणारी नायिका हवी होती. विभाचे फोटो आणि गाणी त्यांनी पाहिली-ऐकली होती, आता फक्त समोर बसवून ऐकायचं राहिलं होतं. त्या दुपारी भालकीच्या मंगल कार्यालयात येऊन ते काय तो निकाल सांगणार होते. हे जमलं तर सिनेमा. नाही जमलं तर हुमनाबादच्या एका शाळेत संगीत शिकवायची नोकरी, असं घरी ठरून गेलं होतं. म्हणून तर विभानं विग धुऊन आतल्या खोलीत उपड्या कळशीवर वाळत घातला होता आणि स्वतः अंगणात गळा तापवत बसली होती.

मल्लव्वानं वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

"गोविंदा, गोविंदा. तिरुपतीला कवा गेलतीस गं? आणि समदे दिलेस? मी तर तीन बोटं केस कापून परत आलते."

विभानं तोंड उघडलं, पण त्यातून काही बाहेर पडायच्या आत देवघरातून सुशीलाबाई ओल्या हातानं धावत आल्या. "व्हय व्हय, तिरुपतीलाच गेलती," त्या म्हणाल्या. "रात्रीच आली. घाईत ठरलं, म्हणून कुणाला सांगितलं न्हाई."

विभा आठवडाभर कलबुर्गीत नाटकाच्या तालमीला होती आणि रात्रीच परतली होती, त्यामुळं थाप चपखल बसली. सुशीलाबाईंना हायसं वाटलं. आयुष्यात फारशा थापा मारलेल्या नसल्या की माणसाला असंच वाटतं, की एक मारली म्हणजे काम झालं. मल्लव्वानं लगेच विचारलं, "मग प्रसाद कुठाय?"

तिरुपतीहून आलेला माणूस लाडवाशिवाय आला असं या भागात कुणी ऐकलेलं नाही. एक वेळ सामान गाडीत राहील, पण लाडू राहणार नाही. सुशीलाबाईंनी देवापुढं ठेवलाय, थोड्या वेळानं घरोघर पाठवते, असं सांगून वेळ मारून नेली. घरोघर कशाला, मीच सगळ्यांना इथं घेऊन येते, पोरीचं दर्शनही होईल, असं म्हणत मल्लव्वा गेलीसुद्धा. विरजण तसंच विसरली.

विजयेंद्र मास्तर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. नेहमी खरे बोलावे, हा सुविचार त्यांनी शाळेच्या फळ्यावर इतक्या वेळा लिहिला होता की त्यांच्या हाताला तो पाठ झाला होता. त्याच हातात पिशवी देऊन सुशीलाबाईंनी त्यांना बसस्टँडसमोरच्या दुकानातून बुंदीचे लाडू आणायला पिटाळलं. लाडू आले, ते परातीत कुस्करले, त्यात काजू, खडीसाखर आणि चिमूटभर खायचा कापूर घातला, आणि दोघं नवरा-बायको ते पुन्हा मोठेमोठे वळायला बसले. मास्तरांनी अर्धा वळलेला लाडू परातीत ठेवला.

"अगं, देवाच्या नावानं हे असलं. पाप न्हाई का?"

"पाप मी घेते. तुम्ही लाडू वळा."

गल्ली आली. आली म्हणजे काय, लोटली. म्हाताऱ्या बायकांनी विभाच्या डोक्यावरून हात फिरवून ते हात स्वतःच्या डोळ्यांना लावले. एका आजीनं तिच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा विभाच उडून उभी राहिली. तरण्याताठ्या पोरीनं कमरेएवढे केस देवाला दिले, याचं कौतुक काही संपेना. खरं तर विभाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण तिला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चारचौघांत तिच्या डोक्याला वारं लागत होतं आणि कुणीही चुकचुकत नव्हतं. आई वळलेल्या लाडवाकडं बघत जीव मुठीत धरून उभी होती, आणि लेक मात्र मस्त मजेत होती.

मग कुणीतरी विचारलं, नवस कशाचा बोलली होती. हा प्रश्न येणारच होता, पण सुशीलाबाईंची तयारी नव्हती. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सिनेमात काम मिळावं म्हणून. आज दुपारीच ठरायचंय, मंगल कार्यालयात."

झालं. पोरीनं देवाला केस दिलेत, आता आपण माणसं तरी कमी पडू द्यायची नाहीत, असं मल्लव्वानं जाहीर केलं आणि सगळी गल्ली विभाच्या पाठीशी मंगल कार्यालयात जाणार असं ठरवूनही टाकलं. विभाला कुणी विचारलं नाही. प्रसादाला वाखाणत मंडळी आपापल्या घरी गेली. लाडवात यंदा काजू जास्त आहेत, असं दोघीतिघींनी मास्तरांना मुद्दाम सांगितलं.

दार लावून घेतल्यावर तिघंही आतल्या खोलीत गेली. कळशीवर विग खडखडीत वाळला होता आणि चमकत होता. तेव्हा कुठं सुशीलाबाईंच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय.

"आता मी हा घालून गेले तर गल्ली विचारणार, अर्ध्या दिवसात कमरेपर्यंत केस कसे आले," विभा म्हणाली. "आणि न्हाई घातला तर बसवप्रभु सर विचारणार, फोटोतली पोरगी कुठाय. सांग आई, कुणाला काय सांगू?"

मास्तरांनी सुचवलं, विग पिशवीतून न्यावा आणि तिकडच्या खोलीत गुपचूप चढवावा. पण सगळी गल्ली तिथं समोर सतरंजीवर बसलेली असणार. शेवटी विभा उठली, तोंड धुतलं, चांगली साडी नेसली, मोठी टिकली लावली आणि मोकळ्या डोक्यानंच निघाली. सुशीलाबाई देवाचं नाव घेत मागं मागं चालल्या, पण नाव घेताना त्यांना आज जरा अवघडल्यासारखं होत होतं.

बसवप्रभु चांगले भारदस्त गृहस्थ होते. हातातल्या मोबाईलवर विभाचा वेणीचा फोटो, समोर ही अशी विभा. ते एकदा खाली बघायचे, एकदा वर. त्यांनी काही विचारायच्या आत मागून मल्लव्वा उभी राहिली. "तुमच्याच पिच्चरसाठी दिले सर केस. तिरुपतीला. समदे."

बसवप्रभुंना गहिवरून आलं. पण गहिवर ओसरल्यावर त्यांना सिनेमा आठवला. त्यात नायिकेचे केस पानोपानी होते. पहिलंच गाणं गच्चीवर केस वाळवतानाचं होतं. शूटिंग दसऱ्याला सुरू करायचं होतं, तोवर केस कितीसे वाढतील, असं त्यांनी काळजीनं विचारलं. या विषयात गल्ली तरबेज होती. कुणी माक्याचं तेल सांगितलं, कुणी जास्वंदीचं. एक काका कांद्याच्या रसावर अडून बसले. हळ्ळीखेडचा एक वैद्य आहे, त्याचा लेप लावला की हातावरसुद्धा केस येतात, असं एक जण म्हणाला, आणि हातावर कशाला पाहिजेत म्हणून दुसऱ्यानं त्याच्याशी भांडण काढलं. अखेर बसवप्रभुंनी हात वर केला.

"या पोरीनं माझ्या सिनेमासाठी केस दिले. मी तिला तीन-चार महिने देऊ शकत न्हाई का? शूटिंग संक्रांतीनंतर करू. तोवर वाढव म्हणावं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हणजे काम मिळालं होतं. गाणं म्हणायच्या आधीच मिळालं होतं. आता विभानं फक्त गप्प बसायचं होतं. सुशीलाबाईंनी डोळ्यांनीच तसं बजावलंही. त्यांच्या डोक्यात पुढचा हिशेब चालू झालाच होता: दसऱ्याला एक बोटभर केसांचा विग आणायचा, दिवाळीला मानेपर्यंतचा, संक्रांतीला घरातला कमरेपर्यंतचा आहेच. विभानं आईच्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं. एकामागून एक वाढत जाणारे ते विग तिला डोळ्यांसमोर दिसले, आणि तिला त्यांचा भयंकर कंटाळा आला. इतका की भीतीही वाटेनाशी झाली.

"सर, माझे केस वाढणार न्हाईत," ती म्हणाली. "दसऱ्याला न्हाई आणि संक्रांतीला बी न्हाई. मी तिरुपतीला गेलेच न्हाई. मला अलोपेशिया आहे. कॉलेजात असतानाच सगळे केस गेले. फोटोत आहे तो विग आहे."

मग मल्लव्वा सावकाश म्हणाली, "मग आमी सकाळी खाल्ला तो लाडू?"

विजयेंद्र मास्तर वर्गात उत्तर द्यायला उठावं तसे उठले. "बसस्टँडसमोरचा," ते म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. सुशीलाबाईंनी पदरात तोंड लपवलं.

बसवप्रभु गोंधळून गेले. नायिकेला विग म्हणजे कसं दिसायचं, लोकांना कळलं तर लोक काय म्हणतील, नाचताना निसटला तर काय करायचं, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागले. "आता आमच्या हिरोला विगच आहे," ते म्हणाले, "पण त्याची गोष्ट वेगळी."

"त्याचे केस यायला किती महिने थांबलात, सर?" विभानं विचारलं.

आधी मल्लव्वा हसली. ती हसली म्हणून गल्ली हसली. बसवप्रभुंनी भारदस्त राहायचा प्रयत्न केला, पण पोट हलायला लागल्यावर त्यांचाही इलाज चालेना. डोळे पुसून ते एवढंच म्हणाले, "गा."

विभा गायली. खटकचिंचोळीकडं बायका काढणीला म्हणतात ते गाणं, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. आजवर गाताना तिचं अर्धं ध्यान विगच्या पिनांकडं असायचं. आज ते सगळं ध्यान सुरांत गेलं. आवाज असा लागला की कांद्याच्या रसाचे काकासुद्धा मान डोलवू लागले. पदराआड सुशीलाबाई रडत होत्या आणि देवाला विनवत होत्या, की बाबा रे, लेकीचं काम जाऊ देऊ नकोस, सकाळची चूक पदरात घे, मी खरंच येते आणि माझेच केस देते. गाणं संपलं तेव्हा बसवप्रभुंनी शूटिंग दसऱ्यालाच सुरू होईल, आणि नायिका हीच, असं सांगून टाकलं. जाताना हळूच विभाला बाजूला घेऊन विग कुठून आणला तेही विचारून घेतलं, कारण हिरोचा विग मागच्या रांगेतूनसुद्धा ओळखू यायचा.

शब्द दिला म्हणजे पाळला पाहिजे. पुढच्याच महिन्यात सुशीलाबाई मास्तरांना घेऊन तिरुपतीला गेल्या. तीन बोटं कापून चालतंय की, असं मास्तर म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही, सगळे दिले. परत आल्या त्या दिवशी प्रसादाचे लाडू परातीत मांडून गल्लीची वाट बघत बसल्या. दिवस कलला तरी कुणी फिरकेना. बायका दारावरून जाताना त्यांच्या डोक्याकडं बघायच्या आणि पटकन नजर वळवून पुढं जायच्या.

संध्याकाळी एकटी मल्लव्वा आली. आज तिनं चक्क दार वाजवलं. आत येऊन सुशीलाबाईंच्या अगदी जवळ बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "वैनी, लेकीचं झालं तेच तुमाला बी झालं म्हणा की. लातूरच्याच डॉक्टरकडं जायलाव का?"

"अगं बाई, तसलं काही न्हाई. तिरुपतीला दिले मी. खरंच दिले. हा बघ प्रसाद."

"व्हय, व्हय. भायेर तसंच सांगायचं," मल्लव्वा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "काळजी करू नका. मी हाय."

आणि उठताना तिनं मोठ्या मायेनं सुशीलाबाईंचा पदर त्यांच्या डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून दिला, जाणाऱ्या-येणाऱ्याला काही दिसू नये म्हणून. ती फाटकापर्यंत पोचली. तशी सुशीलाबाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, परात उचलली आणि मोकळ्या डोक्यानंच बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.