बाझीलची नाजूक कंबर

थर पहिला (सगळ्यात आतला, म्हणून आखूड)

"अख्ख्या पॅरिसमध्ये पन्नाशीतल्या पुरुषाची अशी कंबर दाखवा, मी शिवणकाम सोडून देईन!"

बॅलेच्या थिएटरचा शिंपी बाझील रोज हे ऐकवायचा. माणूस काडीसारखा आणि ओठावर मिशी खराट्यासारखी! नर्तकींचे टूटू तो स्वतःच्या अंगावर चढवून तपासायचा. आणि ते बसायचे!

थर दुसरा

टूटू म्हणजे नर्तकीचा जाळीदार झगा. एकेकाळी तो पोटऱ्यांच्या खाली लोंबायचा. मग गुडघ्यापर्यंत चढला, मग गुडघ्याच्याही वर. दर वितीला काही म्हातारे 'संस्कृती बुडाली!' म्हणून ओरडले आणि पुढच्या रांगेचं तिकीट काढायला धावले. शेवटी तो कमरेभोवती परातीसारखा आडवा झाला. फॅशनवाल्यांनी तो उचलला, आता लग्नात नवरीच्या कुत्रीलाही घालतात. पण खऱ्या टूटूचा नखरा कायम आहे. दुमडायचा नाही, दाबायचा नाही, आणि टॅक्सीच्या दारातून तो जात नाही.

थर तिसरा

त्या संध्याकाळी तरुण नर्तकी सोलांजचा पहिला मुख्य नाच होता. तिचे वडील दूरच्या ब्रिटनी प्रांतातून दुधाची गाडी हाकत आले होते, कारण संप होता. रेल्वे बंद, मेट्रो बंद, थिएटरचा ड्रायव्हरही संपावर. टूटू तयार होता, पण शिवणघर शहराच्या एका टोकाला आणि थिएटर दुसऱ्या!

"हातात धरून न्या की," ओदील म्हणाली. ती नर्तकींना कपडे चढवता चढवता म्हातारी झाली होती.

"या वाऱ्यात? पतंग होऊन सेन नदीत पडेन मी!"

"मग पोरीला फोन करा. रडू द्या तिला."

"अंगात घालून जातो!"

"तुम्ही?"

"मग ही कंबर राखलीय कशासाठी?"

ओदीलने पाठीचे हूक लावले. नाचताना ते सुटू नयेत म्हणून नर्तकीला वरून दोन टाके घालतात. ओदीलने आयुष्यभर ते इतके घातले होते की हातांनी तिला विचारलंच नाही. टाके घातले, दोरा तोडला आणि रिवाजाप्रमाणे एक सणसणीत शिवी हासडली. नाचायला निघालेल्याला शुभेच्छा देणं अपशकुनी ना!

थर चौथा आणि पाचवा

(वाऱ्याने उडाले. त्यांत एक नन होती आणि एक बुलडॉग.)

थर सहावा

कोपरा वळला आणि बाझील थेट मोर्च्यात शिरला. पुढे जमिला, मेट्रोची चालक, हातात भोंगा.

"अरे वा! बॅलेवालेही आले!"

"छे छे, मी संपावर नाही! मी कामावर चाललोय!"

मोर्चा थबकला. गाडीवर भाजणारी सॉसेजेससुद्धा चरचरायची थांबली!

"काय म्हणालास, कॉम्रेड?"

झगा उतरवून सटकावं म्हणून बाझीलने पाठीमागे हात नेला. बोटांना टाके लागले. ओदील!

"कात्री देऊ का?" कुणीतरी विचारलं.

"खबरदार! हात लावू नका! मागून ढकलू नका! जरा माणसासारखं वागवा!"

जमिलाचे डोळे पाणावले. तिने भोंगा उचलला. "ऐकलंत? हात लावू नका! ढकलू नका! माणसासारखं वागवा!"

हजारो गळे गर्जले. बाझीलभोवती आपोआप रिकामं रिंगण झालं. जाळीला धक्का नाही!

"मोर्चा जातोय कुठे?" त्याने हळूच विचारलं.

"थिएटरच्या चौकात."

बाझील सगळ्यांच्या पुढे चालू लागला. कुणीतरी पावात सॉसेज घालून हातात दिलं. सकाळपासून उपाशी होता बिचारा. तेलाचा थेंब जाळीवर पडू नये म्हणून बगळ्यासारखी मान लांब काढून त्याने ते खाल्लं. मग कुणीतरी आणखी दिलं.

थर नववा (मधले दोन शिवायचे राहिले)

वेळेवर पोचला! थिएटरच्या मागच्या दाराशी कामगार सिगारेट ओढत उभे होते.

"तो बाझील? ज्याने जन्मात संप केला नाही तो?"

"तो टूटू घालून रस्त्यावर, आणि आपण आत? लाज वाटते मला!"

दिवे विझले. व्हायोलिनं पेटीत गेली. पडदेवाला घरी फोन करून जेवायला येतो म्हणाला.

"अहो थांबा! मी फक्त हा टूटू—" पुढचं मोर्च्याच्या ढोलांनी गिळलं.

पायऱ्यांवर सोलांज आली. डोक्यावर मुकुट, पायांत लोकरी मोजे.

"मोस्य बाझील, हे काय केलंत? बाबा आलेत माझे!"

बाझीलने अंगावरच्या जाळीकडे बोट दाखवलं. "पोरी, मी तुझाच झगा आणत होतो गं."

जमिलाने भोंगा खाली घेतला. "हिचा पहिला नाच होता आज?"

"हो."

"मग बघताय काय? पायऱ्या मोकळ्या करा!"

व्हायोलिनवाला विचारात पडला. "आत वाजवलं तर संप फोडला. बाहेर वाजवलं तर... तो संपच की!" त्याने पेटी उघडली.

दोन फलक आडवे धरून आडोसा केला. सोलांजने दातांनी टाके तोडले.

सगळ्यात वरचा थर (सगळ्यात रुंद)

ती नाचली! दुधाच्या गाडीच्या टपावर उभे राहून तिचे वडील हुंदके देत टाळ्या पिटत होते. एक हात मात्र तिने पूर्ण वेळ कमरेवर ठेवला होता. फॅशन मासिकाची एक बाई म्हणे तेवढ्यात टिपून घेत होती: 'यंदा हात कमरेवर'.

टाळ्यांच्या कडकडाटात सोलांज धापा टाकत खाली आली.

"मोस्य बाझील, टूटू ढगळ झालाय! धरला नसता तर पायांत आला असता!"

"अशक्य! तुझ्या मापाचा आहे तो. म्हणजे माझ्याच कमरेचा!"

सोलांजने त्याच्या मिशीला लागलेली सॉसेजची मोहरीची चटणी पाहिली. "सॉसेज किती खाल्लीत?"

"एक," बाझील पुटपुटला. "फार तर दोन."

"पाच!" जमिला म्हणाली.

ती हळूच म्हणाली होती. पण भोंगा चालूच होता.