आमचे हे आणि गळका नळ

"ऐकतीस का? अगं, काय लिहून राह्यली ही बाई! वा!" बैठकीतून अंगदरावांनी आरोळी ठोकली. परतूरच्या मोंढ्यात धान्याचे लिलाव पुकारणारा माणूस. घरात बोलले तरी आवाज तीन घरं ओलांडून जायचा.

आत दैवशालाबाई भाकरी थापत होत्या. "काय लिव्हलं?" त्यांनी हात थांबवून विचारलं. त्यांना ते तोंडपाठ होतं. दुपारी त्यांनीच लिहिलं होतं.

फेसबुकवर 'वाटूरची एक बाई' म्हणजे आपण, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. स्वयंपाकघरातला नळ चार वर्षं गळत होता. चार वर्षं त्या सांगत होत्या आणि अंगदराव "हूं" म्हणून पेपर उलटत होते. शेवटी वैतागून त्यांनी ते जगाला सांगितलं. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही, म्हणून नुसतं 'आमचे हे'. संध्याकाळी बघतात तर काय, अडीच हजार लोकांनी वाचलेलं! बाई थक्कच झाल्या. घरातला एक माणूस ऐकेना आणि बाहेर अडीच हजार!

अंगदराव खणखणीत वाचू लागले, "'नळाला चिंधी बांधून आमचे हे म्हणाले, आता वर्षभर बघायला नको. बोलल्यासारखं त्यांनी वर्षभर बघितलं न्हाई.' हा हा! नवरा हाय का दगड!"

"असत्यात एकेक," बाई म्हणाल्या.

गावात मात्र भलतंच सुरू झालं. वाटुरात प्रत्येकीचा नवरा 'आमचे हे'च, आणि चिंधी बांधलेला नळ घरोघरी. जो तो आपल्या बायकोकडं चोरून बघायला लागला. सरपंचांनी गुपचूप वॉशर बदलला. मास्तरांनी तर गळत नसलेल्या नळाचाही बदलला. फाट्यावरच्या फकरोद्दीनचं दुकान दोन दिवसांत रिकामं. "अंबडसे मंगाया भाई, सबर करो," असं तो गिऱ्हाइकांना हात जोडून सांगत होता.

बाईंना घडीघडी नवल वाटत होतं. आपल्या चार ओळींनी अख्ख्या गावाचे नळ बंद केले! गळत राहिला तो एकच.

रविवारी मोंढा बंद होता. "तुमी न्हाई आणत वॉशर?" बाईंनी विचारलं.

"मी कशाला? आपल्या घरात असं काई हाय का?" अंगदराव म्हणाले. आत नळ टपटपत होता. "पर मला एक कळत न्हाई. घरातलं असं चारचौघांत लिहायचं कशापायी?"

"घरात कोणी ऐकत नसंल."

"हूं," म्हणत त्यांनी मोबाइल उघडला. पण त्या अनोळखी बाईचा त्यांना एकाएकी कळवळाच आला. एकेक अक्षर शोधत, मोठ्यानं पुकारत त्यांनी कमेंट लिहिली, "ताई, कमाल लिहिता. तुमच्या ह्यांना बिलकुल लाज न्हाई. पत्ता द्या. वॉशर घेऊन मी सोता येतो."

दैवशालाबाई आत भाकरी थापताथापता ऐकत होत्या. पत्ता लिहावा, तर पितळ उघडं पडणार. पण चार वर्षांत हा माणूस पहिल्यांदा एवढ्या मायेनं बोलला होता, ताई म्हणून का होईना. त्यांनी पिठाचे हात पुसले आणि मोबाइल घेतला.

"आलं! उत्तर आलं!" अंगदराव ओरडले. "'लांब न्हाई. सोफ्यावरून उठा. समोरच्या दारातून आत या. डाव्या हाताला...'" मोंढ्यातला तो आवाज हळूहळू बसत गेला. टप, टप. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना नळ ऐकू आला.

ते दारात येऊन उभे राहिले. संसाराला बावीस वर्षं झाली होती, पण ही बाई जणू आजच बघत होते.

"सगळं तू लिव्हलं?"

"व्हय."

"अडीच हजार लोक तुझं ऐकत्यात?"

"आता चार हजार झाले. त्यात तुमीबी हायत."

अंगदरावांनी पायात चप्पल सरकवली आणि तडक फाटा गाठला. दुकानापुढं आठ-दहा माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती. त्यांना बघताच सगळी बाजूला झाली.

फकरोद्दीननं गल्ल्याजवळचा एक वॉशर उचलून पुढं केला.

"या अंगदभाऊ. ताईसाठीच ना? एकच राखून ठेवला बघा."