हौसाक्काचा उजवा हात

आमच्या घरी सत्यनारायण होता. तीर्थासाठी माणसं रांगेनं बसली होती. गुरुजी पळी घेऊन हौसाक्कापुढं आले आणि तिनं डावा हात पुढं केला. पळी हवेतच थांबली.

“बाई, उजवा हात.”

“उजवा झोपलाय गुरुजी,” अक्का म्हणाली. “आज त्याची सुट्टी हाय. द्या डाव्यावर. पोटात गेल्यावर कुणाला कळतंय कंच्या दारानं आलं ते.”

माझ्या बायकोनं पदरात तोंड लपवलं, ते शरमेनं की हसू दाबायला, हे मी आजवर विचारलेलं नाही. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. शेवटी पळी डाव्या हातावर रिकामी झाली.

भिगवणला हमरस्त्याला लागून माझी मासळीची खानावळ आहे. मागं उजनीचं पाणी, पुढं ट्रकवाले, आणि मधे चुलीपाशी हौसाक्का. बारा वर्षं झाली. मासळी काय, या रस्त्यावर कुठंही मिळते. आमच्याकडं लोक येतात ते तिच्या ज्वारीच्या भाकरीसाठी. हे मला मान्य आहे, फक्त तिच्यासमोर नाही. एरवी दिवसाला दोनेकशे भाकरी, रविवारी तीनशेच्या पुढं. प्रत्येक भाकरीचं पीठ वेगळं मळायचं, मग थापायची, मग तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं. बावन्न वर्षांची ही बाई एवढं करून वर गोळाफेकीचा सराव करते.

या उद्योगाला कारण एक कुत्रं. दोन वर्षांपूर्वी त्यानं मागच्या अंगणातून एक अख्खा रोहू पळवला. अक्काच्या हाताशी असोला नारळ होता. तो तिनं खांद्यापाशी धरला आणि एका हातानं असा ढकलला, की कुत्र्याच्या डोक्यावरून जाऊन त्याच्या पुढ्यात आदळला. कुत्र्यानं रोहू खाली ठेवला. अदबीनं ठेवला म्हणा ना. शाळेत खेळ शिकवणारे कवडे सर खिडकीशी जेवत होते. ते उष्ट्या हातानं अंगणात धावले.

“मावशी, पुन्हा एकदा टाका.”

“आता कशाला? कुत्रं गेलं की.”

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला शाळेच्या मैदानावर नेलं आणि तिच्या वयाच्या बायकांना असतो तो तीन किलोचा गोळा हातात दिला. तिनं तो वरखाली करून पाहिला. “ह्यो तर कटला मासा हाय,” ती म्हणाली. “बिगर शेपटीचा.” आणि टाकला. सर फीत आणायला पळाले.

इथवर सगळं गमतीचं होतं. खरी पंचाईत पुढं झाली. सकाळी मैदानावर चाळीस वेळा गोळा, मग दिवसभर भाकरी. महिन्याभरात खांदा असा धरला, की गोळा टाकायला जावं तर तो तिच्याच पायाशी पडायचा. सर म्हणाले, “मावशी, हाताला विश्रांती पाहिजे. ती मिळाल्याशिवाय सराव फुकट आहे.”

“मग भाकरी काय डाव्या हातानं थापू?”

“थापा,” सर म्हणाले. बिचारे गमतीनं म्हणाले होते.

अक्कानं तो हुकूम समजला. पुढचे तीन आठवडे माझ्या खानावळीत ज्या भाकऱ्या वाढल्या गेल्या, त्यांचं वर्णन करायला भूगोलाचा मास्तर हवा. सोलापूरकडचा एक ट्रकवाला ताटातली भाकरी उचलून उजेडात धरत म्हणाला, “तात्या, ह्यो कंचा जिल्हा?” त्याचा सोबती वाकून बघत म्हणाला, “नीट बघ, आपलं मोहोळ कुठं आलंय त्यात.” मी हात जोडत टेबलाटेबलावरून फिरत होतो. आत जाऊन म्हटलं, “अक्का, आठवडाभर तरी उजवा लाव.”

“उजव्याला इचारून सांगते,” ती म्हणाली, खांद्याकडं मान वळवून थोडं थांबली आणि म्हणाली, “न्हाय म्हणतोय.”

चौथ्या आठवड्यात डाव्या हातची भाकरी गोल झाली. आता ती उजव्यापेक्षा पातळ होते, पण हेसुद्धा मी तिला सांगितलेलं नाही.

तेव्हापासून उजव्या हाताचा थाट जावयासारखा. त्याला कोमट तेल, त्याला गरम पाण्याचा शेक, त्याच्या खांद्यावर घडी घातलेला टॉवेल. एसटीत दांडी धरायची ती डाव्यानं. ओळखीचं कुणी दिसलं तर हात हलवायचा तोही डावा. फक्त जेवताना उजवा कामाला येतो. “गिळायला बराबर उठतोय,” ती त्याच्याकडं बघत म्हणते, “आळशी मेला.” गोळा टाकण्याआधी मागं सरकत घेतात ती उडी तिनं चूल आणि परातीच्या मधल्या जागेत घोटवली. एकदा मी रश्श्याचं पातेलं घेऊन आत जायला आणि ती पाठमोरी उडी मारायला एकच गाठ पडली. त्या दिवशीचा सदरा मी अजून जपून ठेवलाय. त्यावरच्या डागांचं कुणी विचारलं तर मी रंगपंचमी सांगतो.

अक्काचं माहेर कळंबचं. आईबाप गेले, नवरा गेला, पोरबाळ झालं नाही. कालवणात काय काय पडलं ते सांगावं तशी ती हे एका दमात सांगते आणि पुढच्या भाकरीला पीठ घेते. त्यामुळं ऐकणाऱ्याला हळहळायलाही सवड मिळत नाही.

या हिवाळ्यात बारामतीला प्रौढांच्या जिल्हा स्पर्धा ठरल्या. पहिल्या दोघी राज्याला जाणार. सरांचं मत, खांदा टिकला तर अक्का दोघींत येईल. “एकदा तरी राज्याला जायचंय,” अक्का म्हणाली. बारा वर्षांत तिनं काही हवंय असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. स्पर्धा रविवारी होती. तिनं आधीच शेजारच्या डाळज गावच्या दोन बायकांना चुलीपाशी तयार करून ठेवलं होतं. मग एका दुपारी, माझ्याकडं न बघता, तिनं विचारलं, “तात्या, तुमी येताय का?”

“रविवारी? खानावळ कोण बघंल?”

“व्हय, ते हायच,” ती म्हणाली. पुन्हा विषय काढला नाही.

रविवारी भर गर्दीत तिचा फोन आला. “तात्या, वयाचा दाखला ऱ्हायला. मसाल्याच्या डब्यामागं हाय. त्याबिगर हितं टाकू देत न्हाईत.”

मी पाहिलं. दाखला डब्यामागंच होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून. बाहेर सगळी टेबलं भरलेली. बायको म्हणाली, “जावा. काय व्हायचं ते हुईल.” मी नव्या गिऱ्हाइकाला दार लावलं, बसलेल्यांना हात जोडले. एकजण म्हणाला, “तात्या, घशात काटा हाय, भाकरी तरी देऊन जा.” मी त्याला माझ्या बायकोच्या हवाली केलं आणि मोटारसायकल काढली. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. एकेकाच्या मागं रांगत मी बारामतीच्या मैदानावर पोचलो, तेव्हा घामानं भिजलो होतो आणि मासळीच्या वासानं माझ्यासाठी आपोआप वाट मोकळी होत होती.

नोंदणीच्या टेबलावर एक मुलगी बसली होती. मी पिशवी पुढं केली. तिनं यादी पाहिली. “यांचे कागद पंधरा दिवसांपूर्वीच आलेत काका. दाखल्याची प्रतही आहे. काहीच राहिलेलं नाही.”

मी वळून पाहिलं. अक्का मैदानाच्या कडेला उभी होती. सलवारीवर टी-शर्ट, छातीवर नंबर, आणि डावा हात डोक्यावर नसलेला पदर चाचपत होता. बाकीच्या बायकांबरोबर कुणाचा नवरा थर्मास घेऊन, कुणाच्या सुना, कुणाची नातवंडं. पुढच्या रांगेत एका खुर्चीवर अक्काची पिशवी ठेवलेली. मला बघून तिनं ती उचलली.

“आणला का दाखला? ठिवा जवळ. लागंल. बसा.”

मी बसलो. दाखल्याची पिशवी मांडीवर ठेवली. आयुष्यात मला पुष्कळांनी फसवलं, पण इतक्या मानानं कुणी नाही. खुर्ची सकाळपासून धरून ठेवलेली होती. बारा वर्षं या बाईच्या हातावर माझं घर जेवलं, आणि तिला माझ्याकडून हवी होती ती एवढी एक दुपार. तीही मागायची तिला चोरी वाटावी, असा मी. फोन केल्याबद्दल तिचे आभार मानावेत असं फार मनात आलं. पण आभार मानले असते तर तिचं खोटं उघडं पडलं असतं.

पहिल्या फेकीला तिचा पाय पुढच्या फळीवर पडला. बाद. दुसरी फेक जेमतेम. सर माझ्या शेजारी नखं खात होते. तिसऱ्या आणि शेवटच्या वेळी, बाकी सगळ्यांचं उरकल्यावर, ती वर्तुळात गेली, गोळा मानेशी टेकवला, मागं वाकली, चुलीपाशी घोटवलेली ती उडी घेतली आणि हात सुटला.

सगळं मैदान गोळ्याकडं बघत होतं. अक्का वर्तुळात तशीच उभी राहून माझ्याकडं बघत होती, आणि मी तिच्याकडं.

“बघितलं का तात्या?”

“बघितलं की,” मी म्हणालो.

पंचांनी फीत ताणून दुसरा नंबर पुकारला, तेव्हा गोळा एवढा लांब गेला होता हे आम्हा दोघांनाही पहिल्यांदाच कळलं.