तारेखालची माडी

सरकारी कागद वाचायचा नसतो, त्यातून वाट काढायची असते, असं वसईजवळच्या गिरीज गावचा सेबेस्टियन सांगत असे. त्याच्या वाटेने जाऊन आजवर कोणाचं भलं झालं होतं, हे मात्र त्याला कोणी विचारत नसे. विचारलं की तो पहिल्यापासून सांगायला लागे, आणि माणसांना कामं असतात.

बावन्न साली त्याच्या वाडीवरून विजेच्या मोठ्या तारा गेल्या. अठरा नारळ तुटले. मग ओव्हरसियर आला आणि कागद देऊन गेला. जुनं घर राहू द्या, पण यापुढे तारांखाली जमिनीपासून बारा फुटांहून उंच काही नको. झाड नको, बांधकाम नको, पेंढ्याची गंजीसुद्धा नको. वाडी चिंचोळी होती, त्यामुळे ती जवळजवळ सगळीच तारांखाली आली.

नेमकं त्याच वर्षी त्याच्या मुलाचं, पॉलचं लग्न ठरलं. मुलगी नंदाखालच्या निकोलसची, फ्लॉसी. निकोलस सरळ माणूस. त्याने एवढंच सांगितलं, की सेबेस्टियनच्या एका खोलीच्या घरात नवी सून कुठे राहणार? ईस्टरपर्यंत दार लागणारी एक खोली बांधा, नाही तर पॉलने आमच्याकडे येऊन राहावं. आमच्याकडे माडी रिकामीच आहे.

माडी हा शब्द सेबेस्टियनला झोंबला. एकुलता एक मुलगा दुसऱ्याच्या माडीवर जाऊन राहणार, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला. पॉलशिवाय घर ही कल्पनाच त्याला करवेना. पण एक बैठी खोली बारा फुटांत आरामात बसली असती, हे काही त्याच्या मनात आलं नाही. त्याच्या मनात माडीच आली.

"माडीला सतरा फूट लागतात," तो बायकोला, मार्गारेटला म्हणाला. "बारा वर, पाच खाली. कागदात वर जायची मनाई आहे. खाली जायला कोण अडवतो?"

मार्गारेट भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. "पानी लागंल," ती म्हणाली.

तिच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती. एवढं बोलून तिने पुढचं वांगं घेतलं.

नाताळ झाल्यावर खणायला सुरुवात झाली. ओव्हरसियरच्या कानावर जाऊ नये म्हणून सेबेस्टियनने कोणालाच काही सांगितलं नाही, खणणाऱ्यांनासुद्धा नाही. आता वसईच्या वाडीत एखादा माणूस गुपचूप मोठा चौकोनी खड्डा खणतो, तेव्हा लोक काय समजणार? सेबेस्टियन नवं बावखल, म्हणजे वाडीच्या शिंपण्याचं तळं काढतोय, असं सगळ्या गावाने धरलं. पाणी अपुरं पडत होतंच. शेजारी येऊन धीर देऊन गेले. वर काढलेली माती चांगली होती, ती त्यांनी आपापल्या केळींना नेली. उद्या खड्डा बुजवायला माती लागेल, असा विचार कोण करतो?

नवव्या दिवशी पाच फुटांवर झरा फुटला.

खणणारे नाचायला लागले. पाणी लागलं की नारळ आणि ताडी हा त्यांचा हक्क, तो त्यांनी मागितला. बायका घागरी घेऊन धावल्या. कोणी तरी चर्चला निरोप दिला आणि फादर पवित्र पाणी घेऊन हजर झाले. सेबेस्टियन काठावर मटकन बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी बघून फादरही हेलावले. असा कृतज्ञ माणूस मी पाहिला नाही, असं म्हणून त्यांनी प्रार्थना केली आणि चारी कोपऱ्यांवर पाणी शिंपडलं. आशीर्वाद दिलेलं पाणी बुजवायची कोणाची छाती होणार? आणि माती तर गावभर वाटली गेली होती.

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. ती कोणी फोडली हे मार्गारेटने शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

दरम्यान ओव्हरसियर आला. त्याने टेप काढला, मोजायला काहीच नव्हतं, म्हणून परत ठेवला. नियम मनापासून पाळणारे गावात तुम्ही एकटेच, असं म्हणून त्याने सेबेस्टियनचा हात हातात घेतला.

ईस्टरनंतर लग्न झालं आणि पॉल पेटी घेऊन नंदाखालला निघाला. दारात थांबून तो म्हणाला, "बाबा, मला माडी नको होती. इथंच कुडाची खोली बांधली असती तरी मी राहिलो असतो."

यावर सेबेस्टियनकडे एकही वाट नव्हती. त्याने मुलाची पेटी उचलली आणि बैलगाडीपर्यंत पोचवली.

संध्याकाळी घरात दोघंच. जागा आता भरपूर झाली होती, एवढी की कुठे बसावं ते कळेना. वर तारा गुणगुणत होत्या. मार्गारेटने घागर आणून त्याच्या हातात दिली.

"माडीवर जा नि पानी आना," ती म्हणाली. "नि वरच्या मजल्यावरचंच भरा. खालच्या मजल्याचं गढूळ असतं."