हाराआडचं कुलूप

दुर्घटनेनंतर कामगारांची मनं सावरणं ही मालकाची नैतिक जबाबदारी असून, भिंतींचा रंग वाळला की ती ताबडतोब पार पाडावी, याबद्दल आता दुमत राहिलेलं नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला अत्तराच्या बाटल्या भरणारा एक कारखाना या बाबतीत आदर्श म्हणावा लागेल. तिथल्या आगीत माणिक नावाची कामगार गेली ती मागच्या दरवाजाशी. दरवाजाला कुलूप होतं. (बाटल्या चोरीला जाऊ नयेत म्हणून. त्या दिवशीही एकसुद्धा गेली नाही.)

कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा आधी समुपदेशक बाई आल्या. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या, "समोर एक दार आहे. ते उघडा आणि मोकळ्या हवेत या."

माणिकच्या शेजारी बसून बाटल्यांना बूच लावणाऱ्या प्रेमाने डोळे उघडले. "बाई, पण त्याला कुलूप आहे ना. आत्ताच बघून आले मी."

बाईंना निदान झटकन सापडलं. कुलूप प्रेमाच्या मनाला होतं.

प्रेमाचं म्हणणं एवढंच, की दरवाजाचं कुलूप काढा. पहिली बाटली पुढ्यात आली, वास नाकात गेला, की ती उठून मागच्या दरवाजाशी जाऊन उभी राही. व्यवस्थापनाने या भावनेचा मान राखून मागच्या दरवाजावरच माणिकचा मोठा फोटो लावला. चंदनाचा हार इतका लांब, की कुलूपही त्यात झाकलं गेलं. खाली समई. (अत्तरात स्पिरिट असतं हे खरं, पण समई भावनेने लावली होती.)

कामगारांचं दुःख झपाट्याने हलकं झालं. ब्रिजेट दर शुक्रवारी मेणबत्ती लावी, लवू नारळ ठेवी. सरकारी निरीक्षक आले आणि मागचा दरवाजा कुठे म्हणून विचारू लागले. सुपरवायझर गिल्बर्टने बोट दाखवताच साहेबांनी बूट काढले, हात जोडले आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून ते निघून गेले. प्रेमाही रोज हात जोडायची, रडायची. एके दिवशी तिच्या ध्यानात आलं, की आपण कुलपाला नमस्कार करतोय.

तिने हाराला हात घातला.

"फोटोक हात लावू नको गो!" लवू ओरडला. "कंपनीन इतक्या केल्यान तिच्यासाठी. आजकाल कोण करता?"

"मेलेल्या माणसाला तरी शांतता दे गं," ब्रिजेट म्हणाली.

"अरे, ह्याच कुलपापायी मेली ना ती!" प्रेमा रडत म्हणाली. "उद्या आपण मरू, मग काय आपले पण फोटो लावणार इथे?"

मग गिल्बर्टने हार सारखा केला आणि प्रेमाला पुन्हा बाईंकडे पाठवण्यात आलं. कुलूप आहे तिथेच आहे.

कामगार भोळे, असं वाचकांना वाटणं साहजिक आहे. आपण शिकलेली माणसं. आपल्या इमारतीच्या गच्चीलाही कुलूप असतं, चावी सेक्रेटरींकडे असते आणि सेक्रेटरी गावी गेलेले असतात. पण ते आपण कधी काढायला लावलेलं नाही. माणूस भला आहे, उगाच वाईट दिसतं.